फायरप्लेस, राख आणि खारा वारा

बुधवार, २५ जून २०२५, पॅरापरौमू, न्यूझीलंड

आज घरूनच काम होतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणातल्या फायरप्लेसची राख काढली. गेल्या शुक्रवारी मातारिकीची सुट्टी होती. कृत्तिका पहाटे पुन्हा दिसू लागल्या की इथे माओरी नववर्ष मानतात. त्या रात्री मित्रमंडळी जमली होती, रात्री उशिरापर्यंत जाळ चालू होता. मधले दिवस राखेला हातही लावला नाही. वरून गार, पांढरीफटक दिसली तरी राखेच्या पोटात निखारा चार-पाच दिवस धुमसत राहू शकतो, आणि इथली बहुतेक घरं लाकडाची. आजसुद्धा खोरं तळाला टेकवल्यावर कोमट वाफ हाताला लागली. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून बादली काँक्रीटवर ठेवली. आठवडाभर तिथेच राहील, मग थोडी गुलाबांना आणि बाकीची कचऱ्यात.

राख निघाल्यावर खरा प्रकार दिसला. मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे तळाचा पत्रा पाठीला वेल्ड केलाय, तिथला काळा रंग गेलाय आणि गंजाचे पापुद्रे सुटलेत. नखाने उचकटला तर कांद्याच्या सालीएवढा पातळ पापुद्रा अख्खा हातात आला. खाली पत्रा अजून भक्कम आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं, आवाज खणखणीत आला.

लोकांना वाटतं जाळामुळे पत्रा खराब होतो. माझं मत आता पक्कं झालंय: पत्रा जाळाने मरत नाही, तो न पेटवलेल्या दिवसांत मरतो. जाळाने रंग उडतो, एवढंच. पुढचं काम राख करते. लाकडाच्या राखेत क्षार असतात, ते हवेतली ओल ओढून घेतात आणि उघड्या पोलादाला ओला लेप दिल्यासारखी ती राख तळाला चिकटून बसते. त्यात धुराड्यातून पाऊस उतरतो. आणि आमच्याकडे समुद्र! समोर कापिटी बेट दिसतं म्हणून घराला चार पैसे जास्त मोजले, त्या समुद्रावरचा खारा वारा खिडकीच्या काचांवरसुद्धा पांढरा थर धरतो. पोलाद काय सुटणार त्यातून?

याच कारणासाठी कॉर्टेनची फायरप्लेस घेतली नव्हती. ते पोलाद दिसतं सुंदर, विटकरी-तांबूस, आणि विकणारे सांगतात की त्याचा गंजच त्याचं रक्षण करतो. ते खरंही आहे, पण तो थर घट्ट बसायला ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं चक्र लागतं. किनाऱ्यावर मीठ त्याला स्वस्थ बसू देत नाही, शिवाय पावसात फरशीवर तांबडे ओघळ येतात ते वेगळेच.

सासूबाई सध्या इथेच आहेत. देवरुखला त्यांच्या लहानपणी बंब, चूल सगळंच लाकडावर. शुक्रवारी त्या शाल गुंडाळून जाळासमोर बसल्या होत्या आणि अर्ध्या तासाने म्हणाल्या, "अगं, एवढ्या जाळात अख्ख्या वाड्याच्या आंघोळीचं पाणी तापलं असतं. इथे नुसतं आभाळ तापवताय!" बरोबरच आहे. बहुतेक ऊब धुराड्यातून वरच जाते. पण सरपण पारखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. एक ढलपी हातात घेऊन दुसरीवर आपटली आणि बाजूला टाकली: "ही ओली आहे, आवाज बद्द येतोय." नवऱ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे. त्याने ढलपी फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचून पाहिलं, तर २८ टक्के. आम्ही २० च्या आतलं जाळतो. ओलं लाकूड टोकाला फेस काढत सूं-सूं करतं, सगळा धूर शेजाऱ्यांकडे जातो आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा काळा थर साचतो.

इथे सरपण घनमीटरवर मिळतं. मानुका सगळ्यात महाग, पण निखारा किती वेळ टिकतो! पाइन भसकन पेटतं आणि संपतं. मॅक्रोकार्पा मधलं, वासाला छान, पण ठिणग्या उडवतं, त्यामुळे ते घातलं की सिंथेटिक जॅकेटवाल्यांना मागे बसवायचं. मी तळाला जाड ओंडके रचते, वर बारीक, आणि सगळ्यात वर काटक्या. पेटवायचं वरून. माझ्या आजी पाहत्या तर हसत्या, पण धूर खरंच कमी होतो. धुराडं गारठलेलं असेल तर आधी वर्तमानपत्राचा एक बोळा आतून, धुराड्याच्या खालच्या तोंडाशी धरून पेटवायचा, मग ओढ धरते.

पलीकडच्या शेजाऱ्याने कुंपणाच्या जुन्या फळ्या देऊ केल्या होत्या. चांगला माणूस, फुकट देत होता, तरी नको म्हटलं. इथलं कुंपणाचं पाइन बहुतेक वेळा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असतं. जाळलं की आर्सेनिक काही धुरात, उरलेलं राखेत. आणि आमची राख गुलाबांना जाते.

बाकी नियम आम्ही दोघंच पाळतो, पाहुणे पाळत नाहीत. जाळ विझवायला पाणी ओतायचं नाही, तापलेला पत्रा वाकतो. शुक्रवारी एकजण बादली घेऊन निघालाच होता. कव्हर पूर्ण गार झाल्यावरच घालायचं, आणि कोरडा दिवस दिसला की काढून ठेवायचं, कारण आतमध्ये घाम धरतो. उन्हाळ्यात पेटवण्याआधी अग्निशमन दलाच्या साइटवर पाहायचं की आपल्या भागात आग लावायला मोकळीक आहे, निर्बंध आहेत की पूर्ण बंदी.

कोपरा आज वायर ब्रशने घासला, मग पॉलिश पेपरने, शेवटी स्पिरिटच्या फडक्याने पुसला. चकचकीत राखाडी पोलाद वर आलं. त्यावर ६०० अंश सोसणाऱ्या काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात मारायचे, मग लहान जाळ करून तो भाजून पक्का करायचा. तो पहिला जाळ घाणेरडा वास मारतो, तेव्हा त्या दिवशी त्यावर काही भाजायचं नाही. सासूबाईंना मात्र शनिवारी त्यावरच भरताचं वांगं हवंय, आणि हवामान खातं शुक्रवारपर्यंत पाऊस सांगतंय. रंगाला कोरडा पत्रा आणि कोरडी हवा लागते. तेव्हा कोपऱ्याला तूर्त तेलाचा हात लावलाय. आधी वांगं, मग तेल पुसून रंग.