स्नो ऑन स्नो

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि शाळेच्याही आधी इंग्रजीच्या बाई आठवल्या. मैदान, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच.

डिसेंबरात बाईंनी अभ्यासक्रमाबाहेरची एक कविता फळ्यावर लिहिली. क्रिस्टिना रोझेटींची 'इन द ब्लीक मिडविंटर', १८७२ साली एका अमेरिकी मासिकात आलेली. आम्ही मराठीच्या सवयीने लघु-गुरू लावायला बसलो. "मात्रा सोडा, आघात ऐका," म्हणत बाई डस्टरने टेबलावर ठोके देत वाचू लागल्या. फ्रॉस्टी विंड मेड मोन. एक अक्षर जड, एक हलकं.

पुढे आलं, 'स्नो हॅड फॉलन, स्नो ऑन स्नो, स्नो ऑन स्नो'. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, दोन ओळींत पाचदा स्नो? दुसरा शब्दच नव्हता का?" वर्ग हसला. बाईंनी खडू त्याच्याच हातात दिला. "बदल." त्याने शेवटचं 'स्नो ऑन स्नो' पुसून 'डीप अँड व्हाइट' केलं. बाईंनी त्याच ठेक्यात वाचलं. ठोके चोख पडले, पण खालच्या 'लाँग अगो'ची जोडीची ओळ गेली. मग त्यालाच पूर्ण कडव्याची यमकं सलग म्हणायला लावली: मोन, स्टोन, स्नो, अगो. चारही ठिकाणी तोच लांबलेला 'ओ'! वारा कण्हतो असं दुसऱ्या ओळीत एकदाच म्हटलंय, ते कण्हणं कडवंभर ऐकू येत राहतं. आणि बर्फावर बर्फ साचतो, तो शब्दावर तोच शब्द पडून. तीन अक्षरांची ती ओळ घाईत म्हणून बघा, जमत नाही.

शेवटच्या कडव्यात 'इफ आय वर' दोनदा येतं: मेंढपाळ असते तर, ज्ञानी असते तर. तिसऱ्यांदाही तेच येणार म्हणून कान तयार होतो आणि तिथे 'येट' येतो. "पुनरुक्ती कुठे मोडली तेही बघायचं," बाई म्हणाल्या.

आज मी रेडिओसाठी संहिता लिहितो. एखादा शब्द दोनदा आला की कुणीतरी खोडायला सांगतं. मी आधी मोठ्याने वाचतो, मग ठरवतो. काहींना तो हट्ट वाटतो, वाटो. परवा भाच्याच्या वहीत एका कवितेखाली पाहिलं: 'फिगर ऑफ स्पीच – रिपिटिशन', एक गुण. वर्गात मोठ्याने वाचली का, विचारलं, तर म्हणे वेळ नसतो. वेळ बाईंनाही नव्हता. त्या कवितेवर सबंध तास घालवला आणि मागे राहिलेला धडा जानेवारीत जादा तास घेऊन पुरा केला.