गोऱ्हा झाला, पण कांडी खोटी नव्हती

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या चुलत भावाचा गावाहून फोन आला. जादा पैसे मोजून त्याने संकरित गाईसाठी ‘कालवडीची कांडी’, म्हणजे मादी वासरू व्हावे म्हणून निवडलेल्या शुक्राणूंची कृत्रिम रेतनाची कांडी, घेतली होती आणि गाईला झाला गोऱ्हा. “फसवलं रे आपल्याला,” हे त्याचे पहिलेच वाक्य. पेशी निवडणाऱ्या यंत्रावर मी काही वर्षे काम केलेले असल्यामुळे “दादा, तसं नाही,” असे म्हणालो खरा, पण फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

वळूच्या वीर्यात एक्स (यापासून कालवड होते) आणि वाय (यापासून गोऱ्हा) गुणसूत्र वाहणारे शुक्राणू जवळजवळ निम्मे निम्मे असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखेच दिसतात. एक्स गुणसूत्र मोठे असल्यामुळे ते वाहणाऱ्या शुक्राणूत डीएनए सुमारे ३.८ टक्के अधिक असतो, आणि सारी निवड या एवढ्याशा फरकावर उभी आहे. हेक्स्ट ३३३४२ हे रंगद्रव्य जिवंत पेशीत शिरून डीएनएला चिकटते व अतिनील लेसरखाली निळे चमकते. डीएनए जितका अधिक, तितकी चमक अधिक. मेलेल्या शुक्राणूंची चमक दबावी म्हणून खाद्यपदार्थांत वापरतात तसला लाल रंगही त्यात घालतात.

चमक ओळखल्यावर तो शुक्राणू बाजूला काढण्याची युक्ती मुळात जीवशास्त्राची नाही. शाईच्या थेंबांना विद्युतभार देऊन वळवण्याची पद्धत रिचर्ड स्वीट यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आलेख काढणाऱ्या यंत्रासाठी बसवली होती. अमेरिकेतीलच लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या मॅक फुलवायलर यांनी ती वापरून १९६५ मध्ये पेशी आकारमानानुसार वेगळ्या केल्या, आणि लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या स्टॅनफर्डमधील गटाने १९६९ मध्ये आकारमानाच्या जागी चमक हा निकष आणला. पेशी बारीक धारेतून एकामागून एक लेसरसमोरून जातात, कंपनामुळे धार पुढे थेंबांत तुटते, आणि हवी ती पेशी असलेला थेंब धारेपासून सुटण्याच्या नेमक्या क्षणी त्याला भार दिला की विद्युत पट्ट्यांमधून जाताना तो बाजूच्या नळीत वळतो. लेसरपासून थेंब सुटेपर्यंतचा अवधी जरा चुकला तरी शेजारचाच थेंब वळतो. आमचा सकाळचा बराच वेळ या जुळवणीतच जात असे.

रक्तातील गोल पेशींना एवढे पुरते. शुक्राणूचे डोके मात्र वल्ह्यासारखे चपटे असते. ते कडेकडून अधिक तेजस्वी आणि सपाट बाजूने मंद दिसते, आणि या तफावतीत ३.८ टक्के सहज बुडून जातात. म्हणून डोकी एकाच बाजूने लेसरसमोर यावीत अशी तोटीची घडण करावी लागली आणि शुक्राणूचे डोके नीट त्या बाजूने आले आहे की नाही हे तपासण्यासाठी काटकोनात दुसरा प्रकाशमापक बसवावा लागला. माझ्या मते खरे कसब इथे आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रातील लॅरी जॉन्सन यांनी १९८९ मध्ये अशा निवडलेल्या शुक्राणूंपासून सशाची पिल्ले जन्मल्याचे दाखवले. (माणसांत गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आपल्याकडे कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे.)

एकेक शुक्राणू तपासायचा म्हटल्यावर वेळ लागणारच. म्हणून साध्या कांडीत दीड-दोन कोटी शुक्राणू असतात, तर या कांडीत साधारण वीस लाख. शिवाय रंग, लेसर आणि दाब यांचा ताण सोसून ते आलेले असतात, त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण कमी पडते आणि ही कांडी शक्यतो पहिलटकर, निरोगी कालवडींना वापरावी असे सांगतात. दादाने ती चौथ्या वेताच्या गाईला वापरली होती.

आता गोऱ्ह्याविषयी. यंत्राच्या पडद्यावर एक्स आणि वाय यांचे दोन उंचवटे दिसतात, पण त्यांचे पायथे एकमेकांत मिसळलेले असतात. कोणते शुक्राणू घ्यायचे हे ठरवणारे कुंपण अधिक आत घेतले तर शुद्धता वाढते, पण हाती येणारे शुक्राणू घटतात. या ओढाताणीत सुमारे ९० टक्क्यांवर तडजोड होते. म्हणजे अशा दहा वेतांमागे एखादा गोऱ्हा हिशेबातच धरलेला असतो. याआधी अशाच कांड्यांनी दोन कालवडी झाल्या होत्या, हे दादाने अगदी फोन ठेवताना सांगितले.