पाठीवर बांधलेला भाला हातात यायला किती वेळ लागतो?

भाला असा पाठीवर बांधून नेला तर चालेल का आणि तो हातात यायला किती वेळ लागेल, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ) खेळवायला बसले की नव्या गटातलं कुणीतरी हा प्रश्न विचारतंच: "नियमात नाही म्हटलेलं नाही, मग मी ही वस्तू अशी नेली तर चालेल ना?" ही 'अशी' दर वेळी निराळी असते. कुणी ढालीच्या आतल्या बाजूला औषधाची कुपी बांधतं, कुणी कढई शिरस्त्राणासारखी डोक्यावर घालतं, तर कुणाला अख्खा मित्रच पिशवीत घालायचा असतो.

मी बहुतेकदा 'चालेल' म्हणते. फक्त त्याआधी विचारते, की ती वस्तू नक्की कुठे आहे आणि हातात यायला काय काय करावं लागेल.

नियमांना वजन कळतं, जागा फारशी कळत नाही. 2014च्या आवृत्तीत हिशोब सोपा आहे: स्ट्रेंग्थ, म्हणजे पात्राच्या ताकदीचा आकडा, गुणिले 15, तितके पौंड तुम्ही वाहू शकता. ढकलायचं, ओढायचं किंवा नुसतं उचलायचं असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणजे स्ट्रेंग्थ 8 असलेल्या किरकोळ जादूगारालाही 120 पौंड झेपतात. दहा फुटी शिडी 25 पौंडांची. ती खांद्यावर टाकून तो गोल जिन्याने तळघरात उतरायला निघतो. कागदाची काही हरकत नसते, जिन्याची असते.

हे असं का, तर मला वाटतं मुळात हा हिशोब लुटीसाठी होता. जुन्या आवृत्त्यांत ओझं चक्क नाण्यांच्या वजनात मोजायचे, दहा नाण्यांचा एक पौंड. (आता पौंडात 50 नाणी बसतात.) खजिना किती बाहेर काढता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. कुपी कुठल्या खिशात आहे, हा नव्हता.

लढाईत मात्र सगळं खिशावरच येऊन ठेपतं. आपल्या टर्नमध्ये, म्हणजे आपली पाळी आली की, एक वस्तू सहज हाताळता येते, उदाहरणार्थ तलवार उपसणं. म्हणून कुपी छातीवरच्या पट्ट्यात असेल तर मी ती फुकट काढू देते, आणि ॲक्शन (पाळीतली एक मुख्य कृती) 2014च्या नियमाप्रमाणे पिण्यासाठी उरते. पाठपिशवीच्या तळाशी असेल तर माझ्या टेबलावर काढण्यातच ॲक्शन जाते, पिणं पुढच्या टर्नला. अंथरूण आणि दोरीचं वेटोळं पाठपिशवीला बाहेरून बांधता येतं, असं नियमच सांगतो. मग भालाही बांधा की! पण अंथरूण कुणी घाईघाईत उपसत नाही. गाठी सोडायला एक ॲक्शन लागेल, हे मी बांधतानाच सांगते.

'बांधतानाच' हा शब्द मी एका चुकीतून शिकले. एका खेळाडूने कमरेला तेलाच्या बाटल्या लटकवल्या होत्या. तिने विचारलं, मी होकार दिला. दोन-तीन तासांनी तिच्यावर फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) आला आणि मी जाहीर केलं की बाटल्या पेटल्या. तिचं पात्र गेलं. त्या मंत्राच्या वर्णनात स्पष्ट लिहिलंय, की कुणी अंगावर घातलेल्या किंवा बाळगलेल्या वस्तू त्याने पेटत नाहीत. नियम तिच्या बाजूने होता आणि मी 'वास्तव' म्हणून तो ऐन वेळी मोडला. ती काहीच बोलली नाही. पण पुढच्या खेपेला तिच्या नव्या पात्राचं सगळं सामान 'पिशवीत' होतं. कुठे, कसं, काही नाही. बाकीच्यांनीही तेच केलं. टेबलावरची कल्पकताच आटली, आणि ती मी आटवली होती. मी माफी मागितली. पुन्हा काही बांधून दाखवायला त्यांना कित्येक आठवडे लागले.

तेव्हापासून सोय आणि तिची किंमत मी एकाच दमात सांगते. हाफलिंगला (बुटक्या जमातीतल्या पात्राला) माणसाच्या खांद्यावर बसायचंय? वजनाचा प्रश्नच नाही, हाफलिंग साधारण 40 पौंडांचा. घोडेस्वारीचा नियम लावा, असा आग्रह असतो. त्या नियमात वाहन स्वारापेक्षा एका आकाराने तरी मोठं हवं, आणि माणूस तितका मोठा आहे. पण शरीराची ठेवणही स्वारीजोगी हवी, आणि माणसाचे खांदे मला तसे वाटत नाहीत. तेव्हा तो ओझं म्हणून बसेल, स्वार म्हणून नाही. खालचा पडला तर दोघंही पडतील. दुसरा कुणी डीएम (माझ्यासारखा खेळ चालवणारा) याच वाक्यावरून उलटा निर्णय देईल, तोही मला मान्य आहे. फक्त बसण्याआधी द्यावा.

आणि मित्र पिशवीत? बॅग ऑफ होल्डिंग या जादूच्या पिशवीमध्ये 500 पौंड आणि 64 घनफूट मावतात, तोंड दोन फूट रुंद. मित्र मावतो. हवा एकट्याला दहा मिनिटं पुरते, दोघं असतील तर पाच. बाहेर काढायला एक ॲक्शन. हे सगळं लिहिलेलं आहे, मला ठरवावं लागत नाही. पण पिशवी भोसकली गेली तर ती नष्ट होते आणि आतलं सगळं ॲस्ट्रल प्लेन नावाच्या दुसऱ्याच जगात विखुरतं. म्हणून तो आत शिरण्यापूर्वी मी एवढंच विचारते, की सुरी म्यानात आहे ना.