ड्रॅगन वारस वधील

सकाळी पावणेनऊला मुद्रितशोधक काकांचा फोन आला. ते एरवी फोन करत नाहीत, प्रूफाच्या समासात पेन्सिलीने लिहितात. "ताई, एकशे बारा पानावरचा 'खरा' काढावा लागेल," एवढंच म्हणाले. फाइल संध्याकाळी छपाईला जायची होती. एक फर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा एक गठ्ठा, सोडला तर सगळं पक्कं झालं होतं, आणि एकशे बारावं पान नेमकं त्याच फर्म्यात होतं.

त्या पानावर भविष्यवाणी आहे.

मी अनुवादक आहे. गेली काही वर्षं एका पाच खंडांच्या अद्भुतकादंबरीचा मराठी अनुवाद करते आहे. करारामुळे मालिकेचं नाव इथे देता येत नाही आणि भविष्यवाणीचे मूळ शब्दही देता येत नाहीत, त्यामुळे थोडे बदलून सांगते. रचना मात्र तीच ठेवते, कारण सगळा प्रश्न रचनेचाच होता. इंग्रजीत चार खंड आले आहेत, पाचवा अजून लिहून व्हायचा आहे. मराठीत दोन आले आणि त्या दिवशी तिसरा जात होता. राजघराण्यात जुळी भावंडं आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. उत्तरेकडे शेवटचा ड्रॅगन जागा झाला आहे. आणि एका शिळेवर कोरलेल्या चार ओळी आहेत, ज्यांच्या अर्थावरून दोन राज्यं एकमेकांवर चालून जातात.

शेवटच्या ओळीसाठी मी लिहिलं होतं: 'खरा वारस ड्रॅगनला वधील.'

काकांचं म्हणणं सरळ होतं. मुळात 'वारस' या अर्थाचा जो शब्द आहे, तो मुलालाही चालतो आणि मुलीलाही. आपला 'वारस'सुद्धा व्याकरणाने पुल्लिंगी असला तरी वापरात दोघांना चालतो; कायद्याच्या कागदावर मुलगीही वारसच असते. पण मागे 'खरा' लावला की वाचकाच्या डोळ्यांसमोर मुलगाच उभा राहतो. "लेखकाने दोघांना दार उघडं ठेवलंय, ताई. आपण एकीच्या तोंडावर लावून घेतलं."

मला हे फार लागलं. मी स्वतः बाई असून, तीन खंड त्या मुलीच्या सोबतीने काढूनही, हात लिहिताना आपोआप 'खरा'कडे गेला होता.

शब्द बदलणं अवघड नव्हतं. मराठीत आकारान्त विशेषणं लिंगाप्रमाणे फिरतात, खरा-खरी-खरं, धाकटा-धाकटी-धाकटं. 'अंतिम', 'थोर', 'शूर' असली विशेषणं जागची हलत नाहीत. मुळातल्या शब्दाला 'अंतिम' जवळचाही होता. अडचण वेगळीच होती. पहिल्या खंडात एक दारू प्यालेला शिपाई हीच ओळ अर्धवट बरळतो, आणि तिथे मी 'खरा वारस' छापून मोकळी झाले होते. ते पुस्तक वाचकांच्या घरात आहे. शेवटी एवढंच ठरलं की शिपायाने ऐकीव सांगितलं आणि शिळेवरचा पाठ हा खरा. पुढच्या आवृत्तीत तिथेही दुरुस्ती होईल. माझ्या मनाला हे पुरतं पटलेलं नाही, पण त्या सकाळी दुसरा मार्ग दिसला नाही.

अशा चुका किती दूर जातात, हे या प्रकारच्या साहित्याच्या वाचकांना चांगलं ठाऊक आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेतल्या, 2005 साली आलेल्या चौथ्या खंडात, शंभरी ओलांडलेला आंधळा पंडित एमन समुद्रप्रवासात मरणाच्या दारात असताना एक गोष्ट बोलून जातो. ज्या राजपुत्राचं भाकीत होतं त्याला सगळे पिढ्यान् पिढ्या मुलांमध्ये शोधत राहिले, आणि चूक भाषांतरात शिरली होती. ड्रॅगन ना नर ना मादी, ज्वाळेसारखे बदलते. मग त्यांच्यावरून आलेल्या शब्दाला लिंग कुठलं? हे समजेपर्यंत त्याचा जन्म संपत आलेला असतो. मी हा उतारा अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी अनुवादक म्हणून पोटात खड्डा पडतो. तिथे एका विद्वानाची हळहळ आहे, इथे तीच चूक माझ्या हातून छापखान्यात निघाली होती.

'अंतिम' टाकलं आणि ओळ मूळ इंग्रजीशी पुन्हा ताडून बघितली. तेव्हा दुसरी गोष्ट दिसली, आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी होती.

इंग्रजी ओळीत आधी 'ड्रॅगन' येतो, मग 'वारस', आणि शेवटी 'मारील' या अर्थाचं क्रियापद. इंग्रजीत नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय उरलेले नाहीत. कोणी कोणाला मारलं ते शब्द कुठे बसलाय यावरून कळतं. कवितेत तो क्रम उलटवायची मुभा असते. पण एकदा क्रम हलवला की ओळखायला काहीच उरत नाही. वारस ड्रॅगनला मारील, की ड्रॅगन वारसाला? दोन्ही वाचनं शुद्ध आहेत. मी एक निवडलं होतं आणि 'ला' लावून त्यावर शिक्का मारला होता. आपण निवड करतोय हेही मला तेव्हा जाणवलं नव्हतं.

आणि मग एकतिसावं प्रकरण आठवलं. त्यात तुरुंगात पडलेली एक म्हातारी पंडिता मुलीला म्हणते, "तलवार कोणाच्या हातात आहे, हे त्या ओळीत कुठे लिहिलंय?" हे वाक्य मी तीन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने मराठीत आणलं होतं आणि जुन्या माणसाचं कोड्यातलं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. माझ्या मराठी ओळीत तलवार कोणाच्या हातात आहे ते ढळढळीत लिहिलेलं होतं. मराठी वाचकाला ती म्हातारी वेडी वाटली असती.

काकांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे नरो वा कुंजरो वा." पण मला ते तसं वाटत नव्हतं. युधिष्ठिराला सत्य ठाऊक होतं आणि त्याने ते अर्धं झाकलं. इथे झाकलेलं काही नाही, वाक्य पूर्ण आहे, फक्त ते दोनदा पूर्ण आहे. याचा खरा भाऊबंद रोमन परंपरेत सापडतो. ग्रीकांच्या एपिरस राज्याचा राजा पिऱ्हस रोमवर चालून जाण्याआधी अपोलो देवाचा कौल घेतो. एन्नियस या कवीने तो कौल लॅटिन ओळीत दिला आहे: ऐओ ते, ऐआकिदा, रोमानोस विंकेरे पोस्से. 'ऐआकिदा' ही पिऱ्हसलाच मारलेली हाक. त्यात 'तू' आणि 'रोमन' दोन्ही शब्द द्वितीयेत आहेत, म्हणून 'तू रोमनांना जिंकू शकशील' आणि 'रोमन तुला जिंकू शकतील' हे दोन्ही अर्थ तितकेच बरोबर. पिऱ्हसने इसवी सनपूर्व 280 आणि 279 मध्ये दोन लढाया जिंकल्या, पण इतकं सैन्य गमावून की फार महाग पडलेल्या विजयाला पुढे 'पिऱ्हिक विजय' असंच म्हणू लागले. शेवटी तो इटली सोडून गेला. रोमन वक्ता सिसेरोने या कौलावर शंका घेतली आहे: अपोलो कधी लॅटिनमध्ये बोललाच नव्हता. मला हा आक्षेप फार मोलाचा वाटतो. कौल देवाचा असो वा कवीचा, तो दुहेरी राहतो तो विभक्तीच्या आधाराने. भाषा बदलली की तो आधार गेला, आणि नव्या भाषेत दुसरा आधार शोधणं हे अनुवादकाचं काम.

तो मराठीत कुठे शोधायचा? आपल्याकडे 'ला' आहे, आणि 'ला' कोणाचीच गय करत नाही.

पहिला प्रयत्न केला: 'ड्रॅगन आणि वारस, एकाचा अंत दुसऱ्याहाती.' संपादिकेला आवडला. ती म्हणाली, "ताई, छान आहे की, दोन्ही बाजू राहिल्या." मी अर्ध्या तासाने स्वतःच खोडला. संदिग्ध असणं आणि द्व्यर्थी असणं यांत फरक आहे. संदिग्ध ओळ वाचली की आपल्याला कळलं नाही हे वाचकाला कळतं. द्व्यर्थी ओळ वाचली की आपल्याला कळलं अशी त्याची खात्री पटते. कादंबरीतल्या दोन्ही राजांची अशी खात्री पटली आहे, म्हणून तर ते लढतात. 'कोणाचा तरी अंत होईल' असं शिळेवर लिहिलेलं असतं, तर दोन्ही राजे सावध झाले असते.

यात दुसरी एक धास्ती होती. पाचवा खंड आलेला नाही. खरा अर्थ कोणता ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना एक अर्थ पक्का केला तर दोन वर्षांनी कथा माझ्या ओळीला खोटं पाडू शकते. उलटही होतं. हॅरी पॉटरच्या 2005 साली आलेल्या सहाव्या भागाच्या शेवटी एका चिठ्ठीखाली आर. ए. बी. ही आद्याक्षरं आहेत, आणि ती कोणाची हे रहस्यच ठेवलेलं आहे. डच अनुवादात 'ब्लॅक' घराण्याचं आडनाव आधीपासून 'झ्वार्ट्स' केलेलं होतं, म्हणून तिथे आर. ए. झेड. छापावं लागलं, आणि सातव्या भागाची वाट पाहणाऱ्या जगभरच्या वाचकांना उत्तर डच पुस्तकातून मिळालं. त्या अनुवादकाचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्या मागच्या कामाशी प्रामाणिक राहिल्यामुळे रहस्य फुटलं. तेव्हापासून मालिकांचा अनुवाद करताना मी प्रत्येक नावाकडे जरा भीतीनेच बघते.

प्रकाशकांमार्फत लेखकाला तातडीने विचारलं. उत्तर दुपारी आलं, दोन ओळींचं. वाक्य दोन्हीकडे उघडं आहे, तसंच उघडं राहू द्या, असा त्याचा अर्थ होता. कोणता अर्थ खरा, ते लेखकाने मलाही सांगितलं नाही. थोडा राग आला, आणि मग बरं वाटलं. माहीत असतं तर हात तिकडे झुकला असता.

उत्तर मिळालं ते काकांच्याच तोंडून. मी फोनवर वैतागून म्हणत होते की मराठीत 'ला'शिवाय मारता येत नाही. ते म्हणाले, "का नाही? साप मारला म्हणतोच की आपण. सापाला मारला कुठे म्हणतो?"

मी कागदावर लिहिलं: साप मुंगूस मारील.

आणि बघत बसले. साप मुंगसाला मारील, की सापाला मुंगूस मारील? आपण दुसरा अर्थ घेतो, कारण मुंगूस सापाला मारतं हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. वाक्य काहीच सांगत नाही. शिवाय हे फक्त भविष्यकाळातच जमतं. वर्तमानात 'मारतो' की 'मारतं' यावरून कर्ता उघडा पडतो, भूतकाळात 'ने' येऊन सगळं सांगून टाकतो. भविष्यकाळात तो येईल, ती येईल, ते येईल: क्रियापद कोणाचीच ओळख देत नाही. इतकी वर्षं मराठी लिहिते आहे, पण आपला भविष्यकाळ लिंग सांगत नाही याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. सकाळचा प्रश्न आणि दुपारचा प्रश्न एकाच काळाने सोडवला.

माणसाला मात्र गद्यात 'ला' लागतोच. 'वारस मारील' हे कर्म म्हणून कानाला खटकतं. म्हणून मी चारही ओळी मोडून ओवी केली. ओवीत प्रत्यय गळले तर कान तक्रार करत नाही, संतांनी ती सवय आपल्याला लावून ठेवली आहे. शिळेवरच्या जुन्या लेखाला ओवीचा बाज शोभलाही. शब्द बदलून देते आहे, शेवटची रचना तीच:

विझेल जेव्हा शेवटचा निखारा ।
फिरेल उलटा उत्तरेचा वारा ।
ड्रॅगन वारस वधील, सारा ।
देश होईल मुक्त ॥

'अंतिम'ही शेवटी गेलं, लयीत बसेना. ते पुढच्या गद्यात एका पात्राच्या तोंडी घातलं. संपादिकेने ओवी वाचली आणि लगेच म्हणाली, "म्हणजे वारस जिंकणार." काका म्हणाले, "छे, तो मरणार." दोघांचीही खात्री होती. पावणेसहाला फर्मा गेला.

पण दिवस संपला नव्हता. त्याच रात्री श्राव्यपुस्तकासाठी हे प्रकरण ध्वनिमुद्रित व्हायचं होतं, आणि वाचन करणाऱ्या कलाकाराने ओवी बघून पहिलाच प्रश्न केला, "थांबू कुठे?"

याचा मी विचारच केला नव्हता. 'ड्रॅगन' म्हणून थांबलं की वारस मारणारा होतो. 'ड्रॅगन वारस' एका दमात घेऊन 'वधील'वर जोर दिला की ड्रॅगन मारणारा होतो. कागदावर जे मोठ्या कष्टाने उघडं ठेवलं होतं, ते एका श्वासाने बंद होत होतं. आम्ही नऊ वेळा वाचलं. प्रत्येक वेळी कुठेतरी एखादं अक्षर अर्थाकडे झुकायचं. मग मी त्यांना म्हटलं, अर्थ विसरा, शिळेवर बोट फिरवत एकेक अक्षर लावणारा माणूस वाचतो तसं वाचा. त्याला लिपी येते, भाषा येत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि दहाव्या वेळी चारही शब्द सारख्या अंतराने, सारख्या वजनाने आले.

काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने कानावरचे हेडफोन काढले. त्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं. "शेवटी मारलं ना त्याने ड्रॅगनला?" त्याने विचारलं.

"त्याने?" वाचणाऱ्या बाई म्हणाल्या. "आणि मारलं कुठे? ड्रॅगननेच खाल्लं तिला."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला खरंच माहीत नाही, आणि पुढचं पान उलटलं.