स्टँडखालची जमीन

“ओ दादा, स्टँड!” ही हाक एकदाही न ऐकलेला मोटारसायकलस्वार महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. सिग्नल सुटतो, आपण घाईत गाडी काढतो आणि शेजारच्या स्कूटरवर मागे बसलेल्या कोणा अनोळखी बाईंचा हात आपल्या डाव्या पायाच्या दिशेने हलू लागतो. खाली राहिलेला साईड स्टँड सरळ रस्त्यावर काहीच करत नाही, म्हणूनच तो फसवा असतो. डावीकडचे वळण आले आणि गाडी कलली की त्याचे टोक रस्त्याला टेकते, चाकाची पकड सुटते आणि पुढचे सगळे एका क्षणात होऊन जाते. हे ठाऊक असल्यामुळे, एरवी भोंगे वाजवत एकमेकांच्या अंगावर जाणारी आपली माणसे या एका बाबतीत मात्र ओरडून, खुणा करून, वेळप्रसंगी पाठलाग करूनसुद्धा सांगतात. नव्या गाड्यांना स्टँडच्या सांध्यापाशी एक छोटा स्विच असतो. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडते. सोय उत्तम आहे आणि तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. फक्त ती हाक आता पूर्वीइतकी कानावर येत नाही.

गेली अकरा वर्षे मी एक जड, लांबच्या प्रवासाची मोटारसायकल चालवतो आहे. भरल्या टाकीनिशी ती 200 किलोला टेकते. वर दोन्ही बाजूंच्या पेट्या, पावसाळी कपडे, पंक्चरचे सामान आणि आईने बळेबळे दिलेला दशम्यांचा डबा धरला की 225. होंडाची गोल्डविंग 350 किलोच्याही पुढे जाते आणि तिला मागे सरकवण्यासाठी रिव्हर्सची सोय करावी लागते; तिच्यापुढे माझी गाडी म्हणजे वासरूच. परंतु वासरूसुद्धा अंगावर बसले की कळते. गाडी धावू लागली की हे सगळे वजन कुठे जाते कोण जाणे, आणि थांबताक्षणी ते जसेच्या तसे परत येते. गाडी चालवायला मी एका दिवाळीच्या सुट्टीत शिकलो. ती उभी करायला शिकण्यात मात्र कित्येक वर्षे गेली, कारण ते शिकवावे लागते असे कोणालाच वाटत नाही.

साईड स्टँडवरची गाडी तीन जागी टेकलेली असते: दोन चाके आणि स्टँडचा तळवा. या तीन बिंदूंच्या निमुळत्या त्रिकोणात गाडीचा भार पडत राहिला तर ती उभी राहते. ती फार सरळ उभी असेल, तर वाऱ्याचा एखादा झोत किंवा शेजारी स्कूटर घुसवणाऱ्याचा कोपर तिला उजवीकडे आडवी करायला पुरतो. फार कललेली असेल, तर स्टँडवरचा भार वाढतो आणि सरळ करताना आपली कंबर बोलते. त्यामुळे स्टँडची लांबी हे मोठे नाजूक प्रकरण आहे. सामान लादल्यावर गाडी डावीकडे अधिक झुकेल असा माझा कित्येक वर्षे समज होता. प्रत्यक्षात उलटे घडते. वजनाने शॉकअप दबतात, गाडी खाली बसते, स्टँडची लांबी मात्र तेवढीच राहते, आणि म्हणून भरलेली गाडी रिकामीपेक्षा अधिक ताठ उभी राहते. प्रवासाला निघण्याच्या पहाटे, नेमकी पेट्या भरून झाल्यावर, अंगणात गाडी उजवीकडे का पडली याचे उत्तर मला असे फार उशिरा मिळाले. तेव्हापासून सामान बांधण्यापूर्वी मागच्या शॉकअपची स्प्रिंग दोन खाचा घट्ट करून घेतो. जमिनीपासूनची उंची कमी करून घेणाऱ्या हौशी मंडळींना स्टँडही कापून घ्यावा लागतो, तो याच कारणाने.

रस्त्याचा आकारही हिशेबात धरावा लागतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डाव्या कडेला थांबतो आणि स्टँडही डावीकडेच, म्हणजे उताराच्या बाजूला. गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते. पडत नाही, परंतु निघताना तिला सरळ करणे हा व्यायाम होतो. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात आणि स्टँड मात्र तिथेही डावीकडेच असतो, त्यामुळे उजव्या कडेला थांबलेली गाडी जरुरीपेक्षा ताठ राहते. तिथल्या हार्ले डेव्हिडसन गाड्यांचा स्टँड ‘जिफी स्टँड’ म्हणून ओळखला जातो. गाडीचा भार त्यावर पडला की तो सांध्यातच अडकून बसतो आणि गाडी थोडी पुढे सरकली तरी मिटत नाही. आमच्या स्टँडांना ही अक्कल नाही. ते पुढच्या दिशेने उघडतात, म्हणजे गाडी पुढे घरंगळली की आपोआप मिटतात. म्हणून घाटात उताराकडे तोंड करून गाडी लावू नये. चढाकडे तोंड करावे, पहिला गिअर टाकावा आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवून ठेवावे. वरंधा घाटात कठड्यापाशी धुके बघायला थांबलेले किती तरी जण गाडी लावून चार पावले जातात आणि मागे वळून पाहतात. ते धुके बघत नसतात, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

परंतु खरी परीक्षा असते ती जमिनीची. माझ्या ढोबळ हिशेबाने गाडीचे पन्नासएक किलो वजन स्टँडच्या तळव्यावर येते, आणि तो तळवा असतो तीन बोटांएवढा. नागपूरच्या मे महिन्यात डांबर मऊ होते आणि चहा पिऊन येईपर्यंत स्टँड त्यात आपले घर करतो. समुद्रकाठची वाळू तर विचारूच नये. या सगळ्यांत कपटी म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यातली तांबडी माती, कारण तिच्यावर गवत असते आणि गवतामुळे ती घट्ट वाटते.

एका जुलैमध्ये मी दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो होतो. बोटीच्या ओल्या पत्र्यावर गाडी गिअरमध्ये घालून तिला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो होतो, कारण लोखंडावर लोखंड घसरते हे मला माहीत होते. बोटीवर घेतलेली सगळी खबरदारी मी किनाऱ्यावर विसरलो. गुहागरच्या वाटेवर एका टपरीसमोर हिरव्यागार तुकड्यावर स्टँड टेकवला, हेल्मेट काढले आणि भज्यांची चौकशी करायला वळलो. आवाज असा काही झालाच नाही. एखादी म्हैस बसावी तशी गाडी शांतपणे डावीकडे बसली आणि आरसा तेवढा कडकन मोडला. टाकीच्या झाकणातून पेट्रोलचा वास येऊ लागला.

उजवीकडे पडलेल्या गाडीचा स्टँड आधी उघडून ठेवता येतो आणि मग ती निर्धास्त उचलता येते. डावीकडे पडलेलीचा स्टँड तिच्याच पोटाखाली चिखलात असतो. मी सीटला पाठ टेकवली, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचा दांडा धरला, गुडघ्यांत वाकलो आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत गेलो. गाडी अर्धी उठली आणि तिथेच थांबली. तेवढ्यात टपरीच्या मावशी पदर खोचून बाहेर आल्या आणि त्यांनी पलीकडून हँडल ओढले. गाडी उभी राहिल्यावर त्या आत गेल्या आणि शहाबादी फरशीचा एक वीतभर तुकडा घेऊन आल्या. “हा घाला खाली. आणि गवत बघून भुलू नका. गवत काय, विहिरीवरपण येतं.”

त्या दिवसापासून माझ्या पेटीत एक चौकोनी फळी असते. तळव्याचा भार तिच्यामुळे सहापट जागेवर पसरतो, मग मऊ मातीचीही हरकत नसते. तिला भोक पाडून दोरी बांधली आहे, म्हणजे गाडीवर बसल्यावर वाकावे न लागता ती ओढून घेता येते. दोरी बांधण्यापूर्वी अशा तीन फळ्या मी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या तालुक्यांना दान केल्या आहेत.

एवढी यातायात करण्यापेक्षा डबल स्टँड लावावा, असे वडीलधारे म्हणतात आणि सपाट, टणक जागी ते खरेच आहे. जुन्या बुलेटवाल्यांची पिढी गाडी डबल स्टँडवर चढवूनच किक मारत असे. त्यात ताकदीपेक्षा युक्ती जास्त आहे: हाताने गाडी वर ओढायची नसते, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले याची खात्री करून त्याच्या दांडीवर आपले सगळे वजन उभे करायचे असते, मग गाडी स्वतःच मागे चढते. साखळीला तेल घालायला आणि चाक फिरवून बघायला याच्याइतकी सोय नाही. परंतु दगडधोंड्यांच्या वाटेवर तो खाली लोंबणारा सांगाडा आधी आपटतो, म्हणून अनेक जण तो काढून ठेवतात.

साईड स्टँडची निगा म्हणजे वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा नंतर, अर्धा तास. सांध्यात चिखल, साखळीचे उडालेले तेल आणि रस्त्याची धूळ यांचा काळा लगदा साठतो. जुन्या टूथब्रशने आणि थोड्या डिझेलने तो काढावा, बोल्ट उतरवून ग्रीस भरावे आणि स्विचपाशी ग्रीस माखू नये. पूर्वी माझी गाडी दर हिवाळ्यात अधिकाधिक कलू लागली होती, तेव्हा स्टँड वाकला असे समजून मी नवा आणायला निघालो होतो. आमच्या मेकॅनिकने तो हाताने हलवून पाहिला. “स्टँड सरळ आहे, दादा. बोल्ट झिजलाय. त्याला कधी ग्रीस दाखवलं होतं का?” दाखवले नव्हते.

गंमत आहे ती स्प्रिंगची. माझ्या गाडीला एकीच्या पोटात दुसरी अशा दोन आहेत, म्हणजे एक तुटली तरी दुसरी स्टँड धरून ठेवते. त्याच स्प्रिंगा स्टँडला खालीही धरतात आणि वरही, कारण मधल्या एका ठिकाणी त्यांचा ताण सांध्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. पायाला जाणवणारा तो ‘खट्’ तिथला. त्या नुसत्या पक्कडीने काढायला गेलात तर बोटाचे नख जाईल. त्यासाठी मेकॅनिकने शिकवलेली युक्ती अशी: गाडी डबल स्टँडवर घ्यावी, साईड स्टँड अर्ध्यावर आणून स्प्रिंग पूर्ण ताणावी आणि तिच्या वेटोळ्यांच्या फटींत एक रुपयाची नाणी सरकवावी. मग स्टँड मिटला तरी स्प्रिंग लांबच राहते आणि आकड्यातून अलगद सुटते. माझ्या स्प्रिंगेला नऊ रुपये लागतात.

एवढे करूनही एक खोड अजून जात नाही. स्टँडवर कललेल्या गाडीवर मी तसाच बसून फोनवर बोलत राहतो, आणि मागे बसणाऱ्यालाही आधी चढू देतो. स्टँड गाडीचे वजन पेलण्यासाठी असतो, आमच्या दोघांचे नव्हे, हे ठाऊक असूनही.

गेल्या वर्षी पुन्हा गुहागरच्या त्याच वाटेने गेलो. टपरीसमोर फरशीचा तो तुकडा जमिनीत अर्धा रुतून बसला होता आणि त्याच्या मधोमध गंजाचा तांबूस डाग पडला होता. त्यावर कोल्हापूरकडच्या नंबराची एक बुलेट उभी होती, त्यामुळे मी पेटी उघडून माझी फळी काढली.