लेबल धुतलेली बाटली

जुन्या वस्तूंच्या धंद्यात बंद पडलेला दवाखाना म्हणजे पर्वणी. साताऱ्याकडच्या एका गावात डॉक्टर आजोबांच्या बाटल्यांची किंमत करायला त्यांच्या नातवाने बोलावलं होतं.

पोचलो तर सगळ्या बाटल्या ओसरीवर लखलखीत. फोटो चांगले यावेत म्हणून पठ्ठ्याने लेबलं भिजवून खरवडून काढलेली! काचेला भाव मिळवून देणारा कागद लोक आधी मोरीत सोडतात.

कागद गेला की काचेवरच भिस्त. साच्याचा सांधा, म्हणजे काचेवरची उभी रेघ, ओठाखालीच विरला तर तोंड हाताने घडवलेलं. ओठावरून आरपार गेला तर बाटली यंत्राची, म्हणजे 1903च्या सुमारास ओवेन्सचं यंत्र आलं त्यानंतरची. काचेची बुचं जोडीनेच घासून बसवलेली, एकाचं दुसऱ्याला चालत नाही, म्हणून बऱ्याचदा बुचावर नि मानेवर एकच आकडा कोरलेला असतो. विषाच्या बाटल्या निळ्या, षटकोनी, अंगावर उभ्या रेघा. कंदिलाच्या उजेडात बोटांनाच कळावं. एका मिक्श्चरच्या बाटलीवर डोसांच्या खाचा पाडलेली कागदी पट्टी तेवढी वाचली होती. मी खूश.

मग ती साधी, पांढऱ्या काचेची. तळाशी पिवळीधमक पूड, बुचाच्या सांध्यातही पिवळे कण. "हळद असेल," म्हणत नातवाने हात पुढे केला. मी ओरडलोच.

शेजारचे म्हातारे कंपाउंडर काका आवाज ऐकून आले. "अहो, पिक्रिक अ‍ॅसिड ते. भाजलेल्यावर लावायचो त्याचं पाणी. पूड सुकू द्यायची नाही, डॉक्टरांचा दंडकच होता. लेबलावर लिहिलं होतं की!"

हे तोफगोळ्यांत भरत. 1917 मध्ये ज्या जहाजाच्या स्फोटाने कॅनडातलं हॅलिफॅक्स शहर उद्ध्वस्त झालं, त्यावर हेच टनावारी होतं. ओलं असेतो गप्प. सुकलं की घर्षणानेही फुटू शकतं. घासलेलं बूच फिरवणं म्हणजे घर्षणच.

पोलिसांनी फोनवर आधी हसण्यावारी नेलं. बॉम्बशोधक पथक मात्र कामाचं निघालं; माळावर खड्डा करून त्यांनी बाटलीसकट उडवून दिलं. बुचावरचा आकडा बघायचा राहिला.

डोक्यातून जात नाहीत ते काका. भिंतीला भिंत लागून राहतात, प्रत्येक बाटली त्यांना तोंडपाठ. डॉक्टर गेल्यावर दवाखान्याला कुलूप लागलं; काकांना कुणी आत बोलावलं नाही, काही विचारलं नाही. किंमत करायला मात्र मला गाडीभाडं देऊन आणलं.

निघताना नातवाने विचारलं, "जुनी दिसतील अशी लेबलं छापून मिळतात का हो?"

मिळतात. मी नाही म्हणून सांगितलं.