थारला अॅल्युमिनियमचा प्रोपेलर शाफ्ट? आधी क्रॉस बघा राव

माझ्या एका मित्राकडे दोन दरवाज्यांची डिझेल थार आहे आणि त्याच्या डोक्यात सध्या अॅल्युमिनियमचा प्रोपेलर शाफ्ट बसलाय, अमेरिकेतल्या फोर्ड मस्टँगवाल्यांचे व्हिडिओ बघून. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब पाईप, आणि त्याच्या टोकांना जे वळणारे सांधे असतात ते क्रॉस. परवडलं तर कार्बन फायबर म्हणे. मी त्याला तोंडावर सांगितलं की तुझ्या गाडीत याचा उपयोग जवळपास शून्य आहे, पण का ते चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

स्विफ्ट, क्रेटावाल्यांनी वाचलं नाही तरी चालेल. तुमच्याकडे हा लांब पाईप नसतोच, पुढच्या चाकांना जाणारे दोन एक्सल असतात आणि त्यांचं दुखणं म्हणजे रबरी बूट फाटणं. मी बोलतोय ते थार, स्कॉर्पिओ, बोलेरो, ईको, क्रिस्टा असल्या गाड्यांबद्दल, ज्यांच्या पोटाखालून मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यापर्यंत, पाईप जातो.

सगळे पहिलं कारण देतात वजनाचं. फिरणारं वजन कमी केलं की गाडी पळते वगैरे. आता हिशोबच करू ना. समजा शाफ्ट १० किलोचा, पाईपची त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर, डिफरन्शियलचा रेशो ४ म्हणजे चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट चारदा फिरतो, आणि चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर. एवढं सगळं धरून त्या शाफ्टला फिरवायला जी जास्तीची ताकद लागते ती गाडीत दीड-पावणेदोन किलो जादा टाकल्याइतकी येते. फक्त. कारण सगळं वजन मधल्या रेषेच्या इतकं जवळ आहे की त्याला जडत्व असं राहतच नाही. म्हणजे निम्म्या वजनाचा शाफ्ट टाकला तर वाचले किती, शाफ्टचे स्वतःचे ५ किलो आणि वर एखादा किलो. मागे पडलेला तो हायलिफ्ट जॅक घरी ठेवलास तर यापेक्षा जास्त फरक पडेल. वजनच कमी करायचं असेल तर चाकं आणि टायर बघा, तिथे वजन बाहेरच्या कडेला असतं.

मग कंपन्या मटेरियल बदलतात ते कशासाठी? खरी गोष्ट इथे आहे आणि मला हा भाग जाम आवडतो. लांब पाईप एका ठराविक आरपीएमला मधोमध धनुष्यासारखा वाकायला लागतो, त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात, आणि तिथे पोचलात की शाफ्ट थरथरतो आणि शेवटी तुटून खाली आपटू शकतो. हा स्पीड लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतो, लांबी दुप्पट केली की तो चौथ्या हिश्श्यावर येतो. साधारण ७५ मिमी जाडीचा (म्हणजे बाहेरून व्यास ७५) दीड मीटरचा स्टीलचा पाईप धरला तर कागदावर तो साडेपाच हजार आरपीएमच्या आसपास येतो, प्रत्यक्षात त्याच्या बराच खाली राहावं लागतं. आणि गंमत म्हणजे तेवढ्याच जाडीचा अॅल्युमिनियमचा पाईप घेतला तरी आकडा जवळपास तोच! कारण अॅल्युमिनियम हलकं आहे तितकंच वाकायला मऊ पण आहे, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. फायदा मिळतो तो हलकं असल्यामुळे पाईप जाड करता येतो म्हणून. १०० मिमीचा केला की तोच आकडा सात हजारांच्या वर जातो. कार्बन फायबर मात्र खरोखर वेगळं आहे, त्यात धागे कोणत्या कोनात गुंडाळले यावर पीळ सोसायची ताकद आणि वाकण्याला विरोध दोन्ही ठरवता येतात.

म्हणून मस्टँगवाले ते करतात ते त्यांच्यासाठी बरोबरच आहे. गाडी लांब, स्पीड प्रचंड, कंपनीने शाफ्ट दोन तुकड्यांत दिलेला आणि मध्ये सेंटर बेअरिंग, ते काढून एकच जाड अॅल्युमिनियमचा पाईप टाकायचा. २०१३ च्या शेल्बी जीटी५०० ला, म्हणजे सगळ्यात ताकदवान मस्टँगला, तर फोर्डने कंपनीतूनच कार्बन फायबरचा दिला होता, ६६२ हॉर्सपॉवर आणि ताशी ३२० किमीच्या गप्पा होत्या तिथे. बीएमडब्ल्यूने एम३ आणि एम४ ला २०१४ पासून कार्बनचा दिला आणि नोव्हेंबर २०१७ पासून परत स्टीलचा केला, कारण एक्झॉस्टमध्ये धुरातले कण अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर बसवायचा होता आणि जाड कार्बनच्या पाईपमुळे जागा पुरेना. एम३ घेणाऱ्या गिऱ्हाईकाला स्टील चालतं तर…

आता थार. व्हीलबेस २४५० मिमी, त्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) सगळं एकामागे एक, मागच्या शाफ्टला जागा उरते किती? मीटरभर धरला तरी क्रिटिकल स्पीड कागदावर बारा हजारांच्या वर. आणि १२० च्या स्पीडला तो फिरतो साधारण ३६०० ने. जी अडचण नाहीच तिच्यावर औषध घ्यायचं काय म्हणून.

उलट तोटे आहेत. लो रेंजमध्ये, म्हणजे चढ-दगडांसाठीच्या हळू गिअरिंगमध्ये, पहिल्या गिअरला इंजिनच्या ३०० न्यूटन मीटर टॉर्कचे शाफ्टवर सहज अडीच-तीन हजार होतात, वर दगड आपटतात. स्टीलला पोचा पडतो आणि बहुतेक वेळा गाडी घरापर्यंत येते. अॅल्युमिनियमवर खोल ओरखडा पडला की तिथून भेग वाढत जाते, आणि कार्बनवर दगड बसला तर आतले थर सुटलेत का ते वरून दिसतही नाही. त्यात कोकणात राहणाऱ्यांना खारी हवा, अॅल्युमिनियम आणि स्टील जिथे जोडलंय तिथे गंजायला आमंत्रण.

बरं, पाईप तुटल्याची केस क्वचितच, जातो तो क्रॉस. पावसाळ्यात पाण्याचिखलातून गाडी घालायची आणि महिनोनमहिने ग्रीसगन लावायची नाही, मग क्रॉसच्या बेअरिंगमधल्या बारीक सुया कोरड्या पडतात, रिव्हर्स टाकताना टक्क आवाज येतो आणि लोक म्हणतात शाफ्ट कमजोर आहे. माझ्या मित्राच्या गाडीला तर गाडी उंच करणारं लिफ्ट किट पण आहे, म्हणजे आखूड शाफ्टला अजून तिरका केलाय, ८० च्या पुढे जी थरथर येते ती तिथूनच येत असणार, दोन्ही टोकांचे अँगल जुळत नसले की शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा हिसका देतो. अॅल्युमिनियम टाकला तरी ती थरथर तशीच राहणार.

हां, गाडी फक्त ड्रॅग रेससाठी असेल, किंवा कुणी शाफ्ट लांब करून वेगळंच इंजिन बसवत असेल तर गोष्ट निराळी. रस्त्यावरच्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीत मनाने बदल करण्यावर बंधन घालणारं, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले खाली वाकून बघतात, ते पण धरा.

त्याला मी सांगितलंय ते असं, चांगल्या कंपनीचे दोन्ही क्रॉस टाक, ग्रीस निप्पलवाले मिळाले तर तेच, शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर (जिथे शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकत्यांवर) रंगाची खूण करायला लाव कारण उलटा बसवला की बॅलन्स बिघडतो, बॅलन्सिंग करून घे, आणि मग अँगल मोज, मोबाईलमधलं लेव्हलचं अॅप चालतं त्याला.